‘पर्सुएड’ आणि खडूच्या दोन रेघा

१९ नोव्हेंबर १९९६, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. तंत्रविद्यार्थ्यांसाठी रचलेल्या इंग्रजी क्रियापदांच्या कोशात चारशे अकरा शब्द सिद्ध होते. चारशे बारावा, ‘पर्सुएड’, तेवढा अडला होता. पाचपर्यंत छपाईच्या मंजुरीची सही मिळाली नाही, तर छापखान्याचे यंत्र दुसऱ्या कामाला जुंपले जाणार, मग पुढची पाळी आठ महिन्यांनी. कोशकार अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आठ महिन्यांची हमी कोण देणार?

ते कार्यशाळेत शिकवत तेव्हा मुलांनी त्यांचे नाव ‘मायक्रोमीटर’ ठेवले, ते उगाच नव्हे. प्रात्यक्षिकात उतरल्याखेरीज शब्द कोशात घ्यायचा नाही, हा त्यांचा दंडक. ‘हॅमर’पायी घरचा ओटा गेला होता.

‘पर्सुएड’चा अर्थ त्यांनी लिहून ठेवला होता : हुकूम वा विनवणी न करता, कारणे देऊन दुसऱ्याकडून कृती घडवणे. चाचणी : बसलेल्या माणसाने खुर्ची नऊ इंच डावीकडे न्यावी. फरशीवर खडूच्या दोन रेघा.

प्रथम थोरली बहीण, अक्का. उजेड, वारा, गुडघे... पस्तीस मिनिटे त्यांनी समजावले.

“पटलं?”

“शंभर टक्के पटलं रे.”

“मग?”

“मग काय? पटलं की लगेच उठायचं? तू जन्मात पटलेलं किती केलंस?”

मत वळले, माणूस जागचा हलला नाही. हे ‘कन्व्हिन्स’ झाले. ते पान केव्हाच छापून झाले होते. बाद.

मग शेजारचा नळदुरुस्तीवाला. बसला, रेघ पाहिली, सरकून मोकळा.

“अरे, कारण तरी ऐक!”

“कारण कशाला, काका? म्हणाल तर परत मागे घेतो.”

बाद.

चार छप्पनला छापखानेवाला धापा टाकत आला. मायक्रोमीटर त्याच खुर्चीत हातपाय गाळून बसले होते.

“सर, सही?”

“चाचणीशिवाय नाही.”

“बरं, निदान प्रूफ तरी बघा.” त्याने कागद हाती दिला. “ऊन थेट अक्षरांवर पडतंय. सावली डावीकडे आहे. आणि एक चूक निसटली, की दोन हजार प्रतींत निसटली.”

मायक्रोमीटर विचारात पडले. मग खुर्चीसकट डावीकडे सरकून वाचू लागले.

“अरे ए शहाण्या,” अक्का ओरडली, “पायाखाली बघ!”

त्यांनी कागद ठेवला, पट्टी काढली, ओणवे होऊन दोनदा मोजले आणि चार एकोणसाठला सही केली.

चाचण्या तीन, उत्तीर्ण एक. खुर्ची सरकली : सव्वानऊ इंच.