छपाईचा भाग

प्रोग्राम बसवायला आलेल्या तंत्रज्ञबाईंनी माउसचा बाण ‘झटपट’ या बटणावर नेला, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, “थांबा. आधी चहा होऊ द्या.”

“काका, झटपटमध्ये सात मिनिटांचं काम आहे. चहा उकळायच्या आत मी जिन्यात असेन.”

“तेच म्हणतोय मी,” काका म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

काका हवामान खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. ठरल्या वेळी जायचं, आकडा बघायचा, वेळेसकट वहीत उतरवायचा. नोकरी सुटली, वही सुटली नाही. गच्चीवर स्वतःचा तापमापक होता आणि त्याच्या आकड्यांचे आलेख काढायला संगणकावर हा प्रोग्राम. तो दोन महिन्यांत तीनदा ‘आपोआप नाहीसा’ झाला होता. आज बाईंची चौथी खेप. बायको गेल्यापासून घरात आवाज करणारा एक फ्रिज तेवढा उरला होता, आणि तोही मधूनच गुरगुरून गप्प बसे.

कंपनीचा नियम होता: एकाच तक्रारीसाठी चौथ्यांदा जावं लागलं, तर कारण लेखी द्यायचं. दोष ग्राहकाचा निघाला की पुढची मदत फक्त फोनवर. बाईंनी कामाचा कागद मांडीवर घेतला आणि प्रोग्रामचा क्रमांक काका वहीतच लिहून ठेवत, म्हणून ती पुढे ओढली. आजचं पान उघडंच होतं. छापल्यासारखं अक्षर.

६.०० तापमान एकोणीस. वारा नाही.
८.४० प्रोग्राम काढून टाकला.
८.५५ कंपनीला फोन केला.
९.१० दुसरी खुर्ची पुसली.

चोराने चोरीची वेळ लिहून ठेवावी, तसला प्रकार. बाईंना हसू यायला हवं होतं. त्या खुर्चीकडे बघत राहिल्या, जिच्यावर त्या बसल्या होत्या.

काका दोन कप घेऊन दारात उभे होते. वही कुठे आहे ते त्यांना दिसलं.

“तोंडाने खोटं बोललो,” ते म्हणाले. “वहीत नाही जमलं.”

“दिसतंय.”

“तुम्हीही खरं तेच लिहा. माझ्यापायी कागदावर खोटं नको.”

बाईंनी कप घेतला. अर्धा चहा संपवला. मग पडद्यावर एक पायरी मागे गेल्या आणि ‘झटपट’च्या खालचं ‘पसंतीनुसार’ निवडलं.

“बसा काका. आज एकेक गोष्ट विचारून बसवू. फोल्डरला नाव काय देऊ?”

“असं विचारायचं असतं?”

“असतं. मीच आजवर विचारलं नव्हतं.”

काकांनी बराच विचार करून ‘गच्ची’ सांगितलं. आलेखाची रेघ निळी की काळी, आठवडा रविवारी सुरू करायचा की सोमवारी, अक्षर केवढं, प्रत्येक प्रश्नाला काका परीक्षेला बसल्यासारखे उत्तर देत होते. चहा गार झाला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

“फक्त तुमच्यासाठी, की हा संगणक वापरणाऱ्या सगळ्यांसाठी?”

काकांनी चष्मा काढून पुसला. “माझ्यापुरताच. आणखी कोण आहे?”

बाईंनी तशी खूण केली. शेवटचा चौकोन होता आलेखांच्या छपाईचा. त्यात आधीच खूण होती. बाईंनी ती काढली.

“छपाई लागेल मला.”

“लागेलच की. ठाऊक आहे मला.”

प्रोग्राम सुरू झाला. बाईंनी कागद भरून काकांपुढे धरला. “यात खोटं काही आहे का बघा.”

काकांनी बोट ठेवून वाचलं. ‘कारण: मागच्या तिन्ही वेळी ग्राहकाला काय हवे ते विचारले नाही. चूक माझी. छपाईचा भाग बसवायचा राहिला आहे. गुरुवारी पुन्हा येणे.’

त्यांनी ते पहिल्यापासून परत वाचलं.

“नाही,” ते म्हणाले. “गुरुवारी किती वाजता?”

“अकराला.”

घडण्याआधी एकही नोंद करायची नाही, हा त्यांचा चौतीस वर्षांचा नेम. त्यांनी वही ओढली, पानं उलटत गुरुवारापर्यंत गेले आणि लिहिलं:

११.०० चहा, दोन कप.