चौथ्या लेनमधला जादा स्पर्श

"हे भिजून बिघडणार नाही ना?" पाटीमावशीने विचारलं.

यंत्रवाला काठावर पालथा पडून एक काळा चौकोन तलावाच्या तळाशी सोडत होता. जाडगेला गृहस्थ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि डोळे असे की आत्ताच कुणीतरी झोपेतून उठवून आणलंय. "बाई, ते भिजायलाच जन्माला आलंय," तो म्हणाला. "उलट कोरडं ठेवलं की रुसतं."

चौकोन तळाला टेकला आणि त्यावर हिरवा आकडा उमटला. पाण्यातून तो इतका स्वच्छ दिसत होता की मावशीला वाईटच वाटलं. थोडासा पुसट दिसला असता तर काय बिघडलं असतं?

"आणि ही भिंतीवरची पिवळी पट्टी कशाला?"

"पोहणाऱ्याचा पाय लागला की हिला कळतं. मग तळावरचा आकडा एकाने उतरतो. उरलेल्या फेऱ्या."

"कुणाचा पाय लागला तेही कळतं?"

यंत्रवाल्याने जरा विचार केला. "स्पर्श कळतो. माणूस नाही कळत," तो म्हणाला आणि पुढच्या लेनकडे सरकला.

आजवर हा आकडा मावशीच्या हातात असायचा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत पोहणाऱ्याला किती फेऱ्या झाल्या नि किती उरल्या हे ध्यानात राहत नाही; डोकं पाण्यात गेलं की हिशेबही तिथेच विरघळतो. म्हणून तलावाच्या पलीकडच्या टोकाला, जिथून वळायचं असतं तिथे, कुणीतरी ठेंगण्या स्टुलावर बसतं आणि आकड्याची पाटी पाण्यात बुडवून धरतं. या तलावावर ते काम मावशीचं. एरवी ती लॉकरच्या किल्ल्या द्यायची, लोकांनी विसरलेले टॉवेल वाळत घालायची, ओल्या फरशीवर धावणाऱ्या पोरांवर खेकसायची. पण शर्यतीच्या दिवशी तिचा थाट वेगळाच. केस चापूनचोपून बसवलेले, बाही कोपराच्या वर, पाटी मांडीवर. पोरांनी तिचं नाव पाटीमावशी पाडलं ते तेव्हाच. आता घरी नवराही रागावला की त्याच नावाने हाक मारायचा.

गंमत म्हणजे तिला पोहता येत नव्हतं. इतकी वर्षं काठावर काढूनही ती कोपराच्या वर कधी भिजली नव्हती. पाण्याची ओढ भारी, पण शिडीच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं की ते लगेच मागे फिरायचं. लेक मात्र नीट बोलायच्या आधी पोहायला लागली. बापाने तेव्हाच तिला बेडकी म्हणायला सुरुवात केली, आणि कॉलेजात जायला लागली तरी ती बेडकीच राहिली.

आज बेडकीची मोठी शर्यत होती. पहिल्या तिघींना देशाच्या संघाच्या शिबिराला नेणार होते. मावशीला दुसरं काही नको होतं. लेक त्या तिघींत यावी, आणि तिच्या त्या यशाला आपलाही थोडा हात लागलेला असावा, एवढंच.

काल जेवताना बेडकीने तिला बजावलं होतं. "आई, उद्या काठावर नुसतं बसायचं हं. पंचांनी तुझ्याकडे बघून परवानगी दिलीय. हातबित काही घालायचा नाही पाण्यात."

"बरं बाई. आणि आपली ती खूण?"

ती खूण दोघींचीच होती. एका हातात पाटी धरली की मावशीचा दुसरा हात मोकळा राहायचा. तो पाण्यात घालून ती मूठ मिटायची, म्हणजे धीर धर, दम राखून ठेव. पंजा उघडला, म्हणजे सूट आता. नियमात ते बसतं का, हे कुणी विचारलं नव्हतं आणि या दोघींनीही आपणहून सांगितलं नव्हतं.

"खूण नाही नि बिण नाही. आकडा खाली दिसतो, बास."

"पण मी तरी दिसेन ना तुला? माझ्या तोंडाकडे बघून जरा हुरूप—"

"तोंडाकडे?" बेडकी हसली. "अगं आई, पाण्यातून वरचं कुणी ओळखू येत नाही. नुसतं सगळं हलत असतं."

ती सहज बोलून गेली आणि ताट उचलून आत गेली. मावशी मात्र तशीच बसून राहिली. इतकी वर्षं तिला वाटायचं, वळताना प्रत्येक जण एकदा तरी आपल्याकडे बघतो. त्यासाठी ती न चुकता हसायचीसुद्धा. म्हणजे इतकी वर्षं ती कुणाकडे बघून हसत होती? तिला स्वतःचं हसूही आलं आणि रडूही.

शर्यत सुरू झाली आणि मावशी चौथ्या लेनच्या टोकाला आपल्या स्टुलावर बसली. पाटी नसली की मांडी किती मोकळी मोकळी वाटते, हे तिला आज कळलं.

छताच्या काचांतून ऊन खाली येत होतं, पाण्यावर पडत होतं आणि पुन्हा वर जाऊन छतावर थरथरत होतं. पाणी कापल्याचा एकच संथ आवाज येत राहिला, आणि लांबच्या शर्यतीत नेहमी होतं तसं बघणाऱ्यांचं बोलणं हळूहळू विरत गेलं. मावशीला वाटायला लागलं, आपण काठावर नाही, तळाशीच बसलोय, आणि ही सगळी मंडळी आपल्या डोक्यावरून तरंगत चाललीयत. जुनी पोरं डोळ्यांपुढे येऊ लागली. डाव्या अंगाने श्वास घेणारी ती किडकिडीत मुलगी, पुढे डॉक्टर झालेली. त्या जुळ्या बहिणी, ज्यांच्या पाट्या एकदा अदलाबदल झाल्या आणि दोघींनाही पत्ता लागला नाही. तो गोलमटोल मुलगा, जो शर्यत संपल्यावरही एक फेरी जास्त मारून आला, कारण त्याला म्हणे पाण्यातून निघवेना. सगळे तिच्यापाशी येत होते, वळत होते, जात होते. कुणी थांबत नव्हतं. थांबायचं नसतंच.

आणि त्यांच्यातूनच बेडकी आली. तिचा डावा हात जरा उशिरा वर येतो, तो मावशीने कुठेही ओळखला असता. तिसरी होती. चौथी अगदी तिच्या पाठीवर. तळावर चार दिसत होते. बेडकीचा पाय लागला की तीन होणार. मावशीच्या मनात पाटी उलटली, कोपर वाकलं आणि हात आपणहून पाण्यात गेला. पंजा उघडा. हात कुठेतरी टेकायला हवा म्हणून तो भिंतीला टेकला, आणि भिंतीवर पिवळी पट्टी होती.

तळावर तीन झाले. तेवढ्यात बेडकीने कोलांटी घेतली, तिचे तळवे पट्टीवर बसले आणि तिनाचे दोन झाले.

मावशीने चटका बसल्यासारखा हात बाहेर काढला. पण दोनचा आकडा बघून, पंजा बघून, बेडकी सुटली होती. आणि काय सुटली! बघणारे जागे झाले, कुणीतरी शिट्टी मारली, आणि लेक दुसरीच्याही पुढे गेली. मावशीला ओरडावंसं वाटत होतं, की अगं थांब, अजून एक फेरी जास्त आहे. पण पाण्याखाली ते कुणाला ऐकू जाणार होतं? पलीकडे टेबलापाशी यंत्रवाल्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, स्क्रीनवर वाकला आणि दोन बोटांनी काहीतरी पुसून टाकलं.

बेडकी परत येऊन वळली तेव्हा तिला एक दिसायला हवा होता. दिसले पुन्हा दोनच. तिचं अंग क्षणभर ढिलं पडलं. ते दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल, आईला दिसलं. मग ती पुन्हा पोहायला लागली, पण होता नव्हता तो दम तिने खर्चून टाकला होता.

आधीची दुसरी पुन्हा पुढे निघून गेली, आणि शेवटच्या हाताला मागचीनेही तिला गाठलं. दोघींत पुढे कोण, हे डोळ्यांना सांगता आलं नसतं. यंत्राने सांगितलं. बोटाच्या पेराएवढ्या फरकाने बेडकी चौथी आली. यंत्र खोटं बोलत नव्हतं, हेच मावशीला जास्त लागलं.

"इतक्या लवकर का सुटलीस गं?" तिला पोहायला शिकवणारे सर काठावरून विचारत होते. बेडकी लेनच्या दोरीला लटकून राहिली होती. तिने मान हलवली, आणि ती मान हो म्हणत होती की नाही, हे कळलं नाही.

मावशी लॉकरच्या खिडकीत जाऊन बसली. लोक किल्ल्या परत देत होते, ती घेत होती आणि भलत्याच खिळ्यांना अडकवत होती. गर्दी ओसरल्यावर यंत्रवाला आला. त्याच्याकडे किल्ली नव्हती.

"बाई," तो हळूच म्हणाला, "चौथ्या लेनला एक स्पर्श जादा पडला होता. मी काढून टाकला लगेच, पण आकडा तिला आधीच दिसून गेला होता."

मावशीने हातातली किल्ली खिळ्याला अडकवली.

"पाय असा लागत नाही. पाय आदळतो. हा नुसता टेकला होता." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "पंचांना काहीतरी सांगावं लागेल. कधीकधी लाटेनेही होतं म्हणा. लाट सांगू का?"

माणूस चांगला होता. नुसतं हो म्हणायचं, की सगळं मिटलं असतं. मावशीने विचारलं, "लाट नाही सांगितलं तर मुलीचं काही जाईल?"

"तिचं नाही जाणार. निकाल आहे तसाच राहील. तुमचं स्टूल जाईल. काठावर पुन्हा बसू देणार नाहीत."

मावशीने खिडकीतून पलीकडे पाहिलं. स्टूल अजून तिथेच होतं, थोडं वाकडं, ती घाईत उठली होती तसं. ते सोडायचं या विचाराने तिचा जीव कासावीस झाला. पण लेकीच्या त्या चौथ्या नंबरावर लाटेचं नाव लागलं असतं तर तिला रात्रीची झोप आली नसती.

"माझा हात होता," ती म्हणाली. "माझाच सांगा."

बेडकी कपडे बदलायच्या खोलीत एकटीच बाकावर बसली होती, डोक्यावर टॉवेल घेऊन. मावशी तिच्याशेजारी बसली. कसं सांगावं याची तिने वाटेत जुळवाजुळव केली होती, ती सगळी विसरली.

"बेडके, तो आकडा माझ्यामुळे चुकला गं. माझा हात लागला."

"माहितीय."

"यंत्रवाले बोलले?"

"मी बघितला हात."

मावशी गोंधळली. "तू तर म्हणालीस, पाण्यातून कुणी ओळखू येत नाही."

"चेहरा ओळखू येत नाही. हात पाण्यात असतो ना." टॉवेलखालून बेडकीचा आवाज ओला येत होता. "आकडा बघून मला शंका आली होती आई. मला वाटलं, तीन व्हायला हवेत. मग तुझा पंजा दिसला. म्हटलं, आई सांगतेय म्हणजे असणारच."

मावशीने तोंडाला पदर लावला आणि ती रडली. बेडकीने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "मला राग आलाय. खूप आलाय. उद्यासुद्धा असेल, तेव्हा मला समजावत बसू नकोस."

"नाही बसणार."

"बाबांनाही सांग तसं."

"सांगते."

नळ कुठेतरी ठिबकत होता. मग बेडकीने टॉवेल काढला, डोळे लालभडक, आणि आईकडे नीट बघितलं. "तुला बघायचंय ना, आम्हाला खालून काय दिसतं ते?"

"मी? अगं वेडी का खुळी तू?"

"आता नाही तर कधीच नाही. तुला काठावर तरी कुठे बसू देणार आहेत?"

लोकांनी विसरलेल्या कपड्यांच्या ढिगात एक लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख निघाला. कुण्या जाड्या बाईचा, बरीच वर्षं कुणी न विचारलेला. तो घालून मावशी बाहेर आली तेव्हा तिला वाटलं सगळा तलाव आपल्याकडे बघतोय. तलावावर कुणीच नव्हतं. फक्त यंत्रवाला आपल्या वायरी गुंडाळत होता.

"पट्टी बंद केलीय," त्याने मान वर न करता सांगितलं. "आता कुठेही हात लावा."

शिडीच्या पहिल्या पायरीवरून पाऊल मागे फिरलं, ते तिने पुन्हा पुढे टाकलं. बेडकीने हात धरला नाही, आईचं स्टूल शिडीपाशी ओढून ती काठावर बसली. दुसरी पायरी. पाणी गुडघ्यांना लागलं, कमरेला लागलं. उन्हाने कोमट झालं होतं. पाणी इतकं मऊ असतं हे तिच्या हातांना माहीत होतं, बाकी अंगाला आज कळत होतं. एका हाताने शिडी घट्ट धरून, बेडकीचा पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर ओढून, तिने श्वास भरून घेतला आणि डोकं खाली घातलं.

आवाज गेले. सगळीकडे निळं होतं आणि त्यात उन्हाच्या रेषा हळूहळू हलत होत्या. तळावरचा काळा चौकोन विझलेला होता. मावशीने मान वर केली. वर काठ होता, पण तो धड एका जागी नव्हता. त्यावर स्टुलासारखं काहीतरी होतं आणि स्टुलावर माणसासारखं काहीतरी. नाक नाही, डोळे नाहीत, नुसते उजेडाचे तुकडे जुळत होते आणि सुटत होते. खरंच कुणी ओळखू येत नव्हतं. ते हसत असेल तर कुणाला कळणार?

मग त्या तुकड्यांमधून पाण्यात एक हात उतरला.

तो मात्र स्वच्छ दिसत होता. मनगटाचं हाड, भिजून सुरकुतलेली बोटं, आणि लहानपणी तलावाच्या फरशीवर पडून झालेली अंगठ्यावरची खूण. हात तिच्यासमोर येऊन थांबला. बोटं मिटली आणि मूठ झाली.

मावशीचा श्वास संपत आला होता. तरी ती आणखी थोडा वेळ खाली राहिली.