निळ्या ठिपक्यावरची फुली

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, अमेरिकेतल्या मोंटानातल्या हॉगनांच्या कुरणांचा. घड्यांवर फाटलोय, अंगावर कॉफीचा डाग आहे, पण कुणाला चुकीची वाट दाखवल्याचं आठवत नाही. माझ्यावरच्या तपकिरी रेषा म्हणजे चढउतार आणि निळे ठिपके म्हणजे झरे. गुरांच्या मुलखात खरा मालक तो ठिपकाच. गवत गुडघाभर असलं, तरी जवळ पाणी नसेल तर गाय तिकडे फिरकत नाही.

थोरले आयव्हर हॉगन मला तीस वर्षं जीपमध्ये बाळगून होते. पेन्सिलीनं माझ्यावर खुणा करायचे. "घरात शहाणा हा एकच," म्हणायचे. ते गेले आणि मी खोगिरांच्या खोलीत खिळ्याला लटकलो. त्यांच्या लेकीच्या, ट्वायलाच्या हातात फोन होता, मग मला कोण विचारतो! खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

मग एका वर्षी ना बर्फ पडला, ना पाऊस. जुलैतच खालच्या कुरणांतली तिन्ही तळी आटली. दोनशे गाई, पायाशी वासरं. आजोबांपासून जपलेला कळप विकायचा म्हणून ट्वायलानं शुक्रवारी ट्रक बोलावले. गुरुवारी तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि ऑर्व्हलकाकांसमोर पसरलं.

"काका, वरच्या कुरणात गवत आहे. पण तिथल्या झऱ्यावर बाबांनी फुली मारलीय. आटलाय तो."

"आटलाय? कुणी सांगितलं तुला?"

"मग फुली कशाला?"

"अगं, फुली म्हणजे तिथं गाय रुतली. तुझ्या बापाची लाडकी तांबडी त्या चिखलात मेली. त्यानं झऱ्यावर फळ्या टाकल्या, भोवती कुंपण घातलं आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही. हट्टी होता."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे. त्या फोनमधून डोकं वर काढून कधी विचारलंस?"

माझ्या रेषा जिथं विरळ, तिथं चढ सोपा; त्याच वाटेनं दोघं वर गेले. फळ्या उचलल्या. ट्वायलानं हात घातला, तर कोपरापर्यंत थंडगार पाणी. ती तिथंच बसली आणि रडता रडता हसायला लागली. केवढं हायसं वाटलं मला!

ट्वायलानं ट्रक नको म्हणून कळवलं. झऱ्यातून नळ काढून खाली कोरड्या जागी हौद बांधला, म्हणजे गाय रुतायला नको. ट्वायलानं फुलीशेजारी लिहिलं, "पाणी आहे. जपून."

मित्रांनो, मला पुन्हा जीपमध्ये जागा मिळाली. जुनी खूण दिसली की तिचा अर्थ मनानं लावू नका. करणारा गेला असेल, तर त्याच्या भावाला विचारा. आणि तो आहे तोवरच विचारा.