जमनीचा भाऊ

पंचायत समित्या नव्यानं स्थापन झाल्या, तेव्हा पुसदकडच्या एका बंजारा तांड्यातला उत्तमसिंग सभासद म्हणून निवडून आला, आणि तेव्हापासून त्याचा पाय एका जागी ठरेना. सकाळी कुठल्यातरी कमिटीची सभा, दुपारी विहिरीची पाहणी, संध्याकाळी कुठंतरी हारतुरे. समितीची जीप दाराशी आली की तोंडातला घास गिळतच तो आत बसायचा. लोक म्हणत, माणूस कामाचा आहे. त्यालाही ते ऐकायला गोड वाटे.

त्याची थोरली बहीण जमनी तांड्यात एकटी राहायची. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. तो पुसदच्या शाळेत होता तेव्हा ती मोळी विकायला बाजारात यायची, शाळेच्या ओट्यावर त्याच्यापुढं भाकर सोडायची आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहायची. पुढं तिचं लग्न झालं, नवरा वारला, ती परत तांड्यात आली. उत्तमसिंग तोवर पुसदला राहायला गेला होता. त्या वाटेनं जाणं झालं की तो तिच्याकडं डोकवायचा, जीप चालूच ठेवून.

एकदा तिनं वाढलेली भाकर अर्धी करपलेली निघाली.

"बाई, लक्ष कुठं असते तुयं?" तो हसत म्हणाला आणि उरलेली भाकर तशीच टाकून उठला. जमनीही हसली.

त्या हिवाळ्यात पुसदला डोळ्यांचं शिबिर भरवायचं त्यानं मनावर घेतलं. नागपूरहून डॉक्टर आणले, शाळेचे वर्ग रिकामे करून घेतले, गावोगाव जीप फिरवून म्हातारीकोतारी माणसं गोळा केली. उद्घाटनाला भाषण केलं. मग व्हरांड्यातली रांग लावू लागला. एक बाई रांग सोडून भिंतीला धरून उभी होती.

"ओ बाई, मधात काहून उभ्या? मांगं सरका!" हातातला कागद वाचतच तो ओरडला.

"उत्तम्या?" ती बाई म्हणाली. "भिया, तू होय का रे?"

त्यानं मान वर केली. जमनी होती; भावाला भिया तीच म्हणायची. तिचा एक हात तांड्यातल्या शेजारणीच्या, रामीबाईच्या खांद्यावर होता आणि तोंड भलतीकडंच वळलेलं होतं. रामीबाईनं तिला बैलगाडीतून आणलं होतं.

तो काही बोलायच्या आत डॉक्टरांनी तिला आत घेतलं. दोन्ही डोळ्यांवर बॅटरीचा उजेड धरून पाहिलं. "उजव्याचा मोतीबिंदू काढता येईल," ते म्हणाले, "डाव्याला फार उशीर झाला. वर्षभर आधी आणली असती तर बरं झालं असतं. हिच्या घरी कोणी डोळस माणूस नव्हतं का?"

उत्तमसिंग तिथंच उभा होता. छातीवर शिबिराचा बिल्ला होता.

"हाये ना," रामीबाई म्हणाली, "हा काय भाऊ."

डॉक्टरांनी बॅटरी विझवली. रांगेतली माणसं दारातून त्याच्याकडं पाहू लागली. त्या वेळी त्याला ती करपलेली भाकर आठवली.

ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्ट्या बांधून जमनीला वर्गातल्या एका खाटेवर उताणं निजवलं. मान हलवायची नाही, अशी ताकीद होती. ड्रायव्हर बोलवायला आला तर उत्तमसिंगनं त्याला परत पाठवलं आणि खाटेच्या कडेला बसला.

"बाई, मले सांगतलं काहून नाही?" त्यानं हळूच विचारलं.

"कवा सांगू?" तिच्या आवाजात राग नव्हता. "तू बसला की जीप पों पों करे. आता जाय तू. तुले काम असन."

"काम नाही."

"मंग पाय कायले हालवून राह्यला? खाट हालते."

त्यानं खाली पाहिलं. पाय खरंच हालत होता. त्यानं तो दोन्ही हातांनी दाबून धरला. थोड्या वेळानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. नुसतं बसून राहणं किती जड असतं, हे त्याला त्या दिवसांत कळलं. तिला पाण्याचा घोट किती वेळानं लागतो, पेज भरवताना तिचं तोंड कधी उघडतं, पडून पडून पाठ कुठं अवघडते, हे तो हळूहळू शिकत गेला. तांड्यातल्या कोणत्या म्हशीला पारडू झालं, कोणाची पोर सासरी गेली, ते ती सांगायची. हे सारं तिनं आजवर कोणाला सांगितलं असेल, ते विचारायचा धीर त्याला झाला नाही.

पट्टी सुटली. जाड भिंगाचा चष्मा लावून जमनीनं त्याच्याकडं कितीतरी वेळ पाहिलं.

"केस पिकले का रे तुये?"

"हो बाई."

"कवा पिकले?"

तो खाली मान घालून बसला. तिनं त्याच्या हनुवटीला हात लावून म्हटलं, "वर पाह्य ना." पण त्याची मान वर झाली नाही.

पुढं त्यानं एकेक करून बऱ्याच कमिट्या सोडल्या. तांड्यात तो पायी जाऊ लागला. लोक म्हणाले, उत्तमसिंग थंडावला.