आठ बेरजेचा टेलिफोन

सुवर्णरंग डाइंग मिलच्या परिपत्रकात कार्यालय हलवण्याचे कारण 'व्यवसायाचा विस्तार' असे दिले होते. खरे कारण संडास हे होते. सुरतेतल्या नवागामच्या जुन्या इमारतीत तो ईशान्य कोपऱ्यात होता, आणि वास्तुतज्ज्ञ हसमुखरायांच्या ते ध्यानी आले तेव्हा त्याला तिथे सतरा वर्षे झाली होती. त्या सतरा वर्षांत मिल दोन यंत्रांवरून अकरा यंत्रांवर गेली, ही गोष्ट मिलचा केमिस्ट ललित बागूल याने एकदा चहाच्या वेळी चारचौघांत मांडली. हसमुखरायांनी शांतपणे उत्तर दिले की संडास ईशान्येला नसता तर बावीस झाली असती. जे खोटे ठरवण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याला ललित विधान मानत नसे. मिलमालक भाईदासशेठ मात्र न झालेल्या अकरा यंत्रांसाठी दिवसभर हळहळत राहिले.

तर १९९६च्या दिवाळीनंतर कार्यालय शहरातच पर्वत पाटिया भागात, एका काचेच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जाणार असे ठरले. गिरणी मागे राहणार होती. नव्या जागेत नमुन्यांची छोटी प्रयोगशाळा आणि ललितसाठी केबिन होती. दारावर लावायची पाटी रंगवूनही झाली होती.

निरोपाचा समारंभ शनिवारी ठरला. 'नवागाम आमचा परिवार' असे कापडी फलक लागले. या परिवाराशी शेठचा संबंध म्हणजे नवरात्रीच्या मांडवाला वर्गणी आणि दर तीन वर्षांनी कंपनीचे नाव कोरलेला स्टीलचा डबा. खरा संबंध वेगळाच होता, आणि शेठला त्याची खबर नव्हती. कार्यालयाच्या काउंटरवरचा काळा टेलिफोन ही खानदेशातून आलेल्या कामगारांच्या साऱ्या बस्तीची पी. पी. लाइन, म्हणजे शेजाऱ्यांमार्फत निरोप मिळण्याचा नंबर, होती. शिरपूरपासून पाचोऱ्यापर्यंत कितीतरी लग्नपत्रिकांवर तो नंबर छापलेला होता. गावाकडून फोन येई, आणि कार्यालयात चहा करणाऱ्या पुष्पाबाई निरोप घेऊन गल्लीत जात: अमक्याचा बाप गेला, तमकीला मुलगी झाली, पाहुणे सकाळच्या गाडीने निघालेत.

पुष्पाबाईंना स्वतःलाही तो नंबर हवा होता. त्यांची मुलगी कुंदन शिरपूरला दिली होती आणि तिथे तिचे हाल चालले होते. पत्रे सासरी आधी फोडली जात, माहेरचे कोणी गेले तर एकटीशी बोलू देत नसत. कुंदनला तो सहा आकडी नंबर पाठ होता. दीड वर्षात तिने दोनदा बाजारातल्या बूथवरून फोन केला होता. तिसरा कधी येईल हे सांगता येत नव्हते. नंबर बदलला तर तो तिला कळवण्याचा मार्गच नव्हता.

आणि नंबर जाणारच होता. हसमुखरायांनी त्याच्या आकड्यांची बेरीज केली ती सव्वीस आली, सहा आणि दोन आठ, आठ हा शनीचा. असला नंबर नव्या जागी नेणे तर नाहीच, मागे गिरणीच्या नावावर ठेवणेही घातक. तो सरकारला परत करून टाकावा.

ललित शेठकडे गेला. दर नऊ नंबरांमागे एकाची बेरीज आठच येते, तेव्हा सुरतेतल्या दर नवव्या धंद्याचे दिवाळे निघायला हवे होते, हे त्याने कागदावर दाखवले. मग बस्तीचे सांगितले. शेठने ऐकून घेतले. "ललितभाई, तमारूं काम कलर," ते म्हणाले. "नंबर हसमुखभाई जोशे." नंबर पाहणे हसमुखरायांकडेच राहिले. बस्तीसाठी त्यांनी डब्यांची संख्या वाढवायला सांगितले.

खरे बोलून काही होत नाही याचा ललितला पुरावा मिळाला. त्याने पद्धत बदलली. दुसऱ्या दिवशी तो हसमुखरायांना गाठून, विद्यार्थ्याने शंका विचारावी तसा म्हणाला की शनीची वस्तू टाकून दिली तर शनीचा अपमान होत नाही का? आमच्या अमळनेरला ती दान करतात, कष्टकऱ्याला, शनिवारी, आणि दक्षिणेशिवाय दान पुरे होत नाही. तेव्हा लाइनचे भाडेही यजमानानेच भरत राहावे लागत असेल. बोलताना त्याला तोंड कडू झाल्यासारखे वाटत होते. हसमुखरायांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ती कल्पना त्यांची स्वतःची झाली होती. संध्याकाळी तोच उपाय त्यांनी शेठला संस्कृत शब्द घालून सांगितला. शेठ थरारले. टेलिफोन पुष्पाबाईंना द्यायचा, गिरणीतच मागच्या खोलीत ठेवायचा, आणि भाडे व नावबदलीचा अर्ज कंपनी भरणार, असे ठरले.

ललितची एकच चूक झाली. ज्या भीतीपायी शेठ देणार होते त्याच भीतीपायी बस्ती घेणार नव्हती. रासायनिक विक्रिया एकाच दिशेने चालेल असे धरून चालणे ही पहिल्या वर्षाच्या पोरांची चूक, आणि ती त्याने केली.

शनिवारी मांडव भरला. शेठ वीस मिनिटे परिवारावर बोलले. त्यात नवागामऐवजी त्यांनी दोनदा शेजारच्या डिंडोलीचे नाव घेतले. मग टेबलावर टेलिफोन आणला गेला: काळ्या फडक्यावर, सोबत उडीद, तीळ, लोखंडी खिळा आणि वाटीत तेल. तिळाचे म्हणून आणलेले ते तेल वासावरून सरकीचे होते. ललितने ते ओळखले आणि तोंड बंद ठेवले. हसमुखरायांनी मंत्र म्हटला, पुष्पाबाईंचे नाव पुकारले. पुष्पाबाई जागच्या हलल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या बायांनी तर लुगडी आवरून पाय मागे घेतले. डबे सगळ्यांनी घेतले होते.

ललित त्यांच्यापाशी जाऊन वाकला. हा नुसता टेलिफोन आहे, आत तांब्याची तार आहे, असे त्याने हळू आवाजात सांगितले.

"भाऊ, मनी पोरना जीव आधीच टांगेल शे," पुष्पाबाई म्हणाल्या. "तिन्हावर आखो शनी कसाले?"

"मग फोन जाईल, पुष्पाबाई. सोमवारी लाइन कापतील."

त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. "तुम्ही ल्या. तुम्हले काय, तुम्ही मानतस नही."

युक्तिवाद बिनतोड होता. त्या मांडवात दिवसभरात झालेला तो एकमेव. ललित सरळ झाला आणि आपण घेतो म्हणाला. शेठने हसमुखरायांकडे पाहिले. हसमुखरायांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजून निवाडा दिला: पगारी माणूस घेणारा असला तरी चालेल, मात्र दान घेतल्यावर त्याने नव्या कार्यालयाचा उंबरा ओलांडू नये.

शेठना केबिन आठवली असावी, कारण ते क्षणभर ललितकडे खेदाने पाहत राहिले; पण तो खेद त्यांनी आवरला. ललितने रसायनशास्त्राची पदवी घेतलेले दोन्ही हात पुढे केले. दर शनिवारी शनीच्या नावाने डबा वाजवत दारी येणाऱ्या तेलमाग्याला ललितची आई उंबऱ्याबाहेर थांबवून दुरूनच तेल ओतत असे. तितक्याच दुरून शेठने त्याच्या हातांवर फडक्यासह टेलिफोन सोडला. खिळा खाली पडला. तो कोणी उचलला नाही, म्हणून तोही ललितनेच उचलला. हसमुखराय नंतर त्याच्या कानाशी येऊन, तुम्हाला या विषयातले बरेच कळते, असे कौतुकाने म्हणाले. त्याच्या आयुष्यातला तो सर्वात मोठा अपमान होता.

पुढच्या आठवड्यात कार्यालय गेले; ललित आणि पुष्पाबाई गिरणीत मागे राहिले. दारावरची पाटी दुसऱ्या नावाने रंगवली गेली. नव्या जागेतून नमुने न्यायला येणारा शिपाई राघो गिरणीतल्या प्रयोगशाळेच्या दारात उभा राहून कापडाचे तुकडे लांबूनच मागू लागला, आणि एकेकाळी ललितचे पेन न विचारता पळवणारे कारकून पावतीवर सही करायला आपापले पेन घेऊन येऊ लागले. टेलिफोन मागच्या खोलीत ललितच्या टेबलावर होता. निरोप आता तोच घेई आणि पुष्पाबाई दारातून ऐकून गल्लीत नेत. विषाणू तारेतून येत नाहीत, शनीही येत नाही, हे त्याने एकदा समजावून पाहिले. त्यांनी मान डोलावली आणि दारातच उभ्या राहिल्या.

पौषात एका दुपारी फोन वाजला. पलीकडे बाजाराचा गलका होता आणि एक बाई धापा टाकत होती. कुंदन. घरातून निघाली होती, अंगावरच्या लुगड्यानिशी. परत जाणार नव्हती.

ललितच्या हाकेवर पुष्पाबाई धावत आल्या आणि टेबलापासून हातभर अंतरावर थबकल्या. हात पदराखाली घट्ट धरलेले. रिसीव्हर त्या घेईनात. बूथवरचे मीटर पळत होते. त्याने फार रागाने त्यांच्याकडे पाहिले, मग दोर पुरेल तितका ओढून रिसीव्हर त्यांच्या कानाशी स्वतःच्या हाताने धरला.

त्या बोलल्या, ऐकत राहिल्या, मग बराच वेळ नुसत्या रडल्या. ललितचा हात खांद्यापर्यंत भरून आला. तो भिंतीकडे पाहत होता, पण ऐकू सगळे येत होते.

"कठे बी नको जाऊ," शेवटी पुष्पाबाई म्हणाल्या. "मावशीना घर बठ. मी सकायना गाडीवर येस."

लाइन तुटली. त्यांनी पदराने आधी डोळे पुसले आणि मग, तितक्याच काळजीने, रिसीव्हर टेकला होता तो कान. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या.

"भाऊ, हात धुई ल्या."

त्या उभ्याच होत्या, त्याने धुतल्याशिवाय हलणार नाहीत अशा. त्यांना सकाळच्या गाडीचे तिकीट काढायचे होते, उशीर होत होता. ललित बेसिनपाशी गेला आणि नळ सोडला.