खंडेनवमीच्या आधीचा कारखाना

आमच्या हेमकांत साहेबांना सर्व्हरमधलं काय कळतं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, पंखा कळतो. पंखा फिरत असला की ते म्हणतात, "चालू शे ना? मंग हात लावू नको." एवढ्या ज्ञानावर हा माणूस आमच्या मिरची पुडीच्या कारखान्याचा व्यवस्थापक झाला. चेअरमनचा साडू आहे, हे वेगळं सांगायला नको.

मी प्रिस्किला, नवापूरकडची. कारखान्याचे संगणक मी सांभाळते, आणि आल्या दिवसापासून हंगामी आहे. माझ्या आधी योहानदादा होते. ते हंगामी म्हणून आले आणि हंगामी म्हणूनच कंटाळून सुरतला निघून गेले. मला कायम करायचा कागद यंदा एकदाचा साहेबांच्या टेबलावर पोचला. तिथे त्यांनी त्याच्यावर पानाचा डबा ठेवला.

त्यातच सर्व्हर हलवायचं निघालं. आमच्या एका यंत्रात चार-पाच संगणक राहतात, खरे नव्हेत, आभासी. एका घरात चार-पाच बिऱ्हाडं राहावीत तसे. त्यांना जागा नि वीज वाटून देणारा घरमालक म्हणजे हायपरव्हायजर. आमच्या घरमालकाने भाडं अचानक डोक्यावर नेऊन ठेवलं, म्हणून सगळी बिऱ्हाडं दुसऱ्या, फुकटच्या घरमालकाकडे न्यायचं ठरलं.

त्यासाठी नाशिकहून जगदीश सर आले. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, पायात पांढरे बूट. मिरचीच्या कारखान्यात पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाबद्दल आणखी काय बोलायचं. आल्यापासून नुसते शिंकत होते. मी त्यांना सांगितलं, "सर, हजेरी-पगाराच्या आभासी मशीनवर जुना स्नॅपशॉट आहे. तो आधी मूळ डिस्कमध्ये मिसळा, मगच मशीन हलवा."

हा स्नॅपशॉट म्हणजे साहेबांचाच प्रसाद. ते सहायक भांडारपाल होते तेव्हाची गोष्ट. खंडेनवमीला आमच्याकडे चक्कीपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्याची पूजा होते. एका वर्षी यांनी भक्तीच्या भरात नारळ फोडला तो थेट सर्व्हरच्या डोक्यावर, आणि पाणी आत. पुढच्या वर्षी योहानदादा शहाणे झाले. पूजेच्या आधी त्यांनी मशीन होतं तसं गोठवून ठेवलं, काही झालंच तर मागे जाता यावं म्हणून. तेव्हापासून नवी माहिती वेगळ्या फायलीत जाऊ लागली. कणगीचं तोंड बंद करावं आणि नवं धान्य शेजारच्या पोत्यात भरावं, तसं. पूजा झाली, सगळे जेवायला गेले, दादा सुरतला गेले, आणि पोतं भरतच राहिलं. कणगी नि पोतं एक करायला दुपारभर काम बंद ठेवावं लागतं. मी साहेबांकडे ती दुपार मागून मागून थकले. उत्तर एकच, पंखा फिरतोय ना?

जगदीश सरांनी नाक पुसलं. "मॅडम, मिसळायला दुपार जाईल. साहेबांनी नवं यंत्र सुरू करायचा मुहूर्त सकाळचा काढलाय." आणि त्यांनी सगळ्यात मोठी फाइल उचलून नव्या यंत्रावर टाकली. नुसती कणगी. पोतं मागेच राहिलं. मी पुन्हा बोलले, तर म्हणाले, "मशीन उठलं ना? हिरवं दिसतंय ना?" हे ऐकायला माणूस नाशिकहून आणला होता. पंखा बघणारा आमच्याकडे होताच की.

रविवारी मुहूर्त झाला. चेअरमननी नारळ फोडला, तोही माझ्या हट्टामुळे व्हरांड्यात. पडद्यावर लॉगिनची खिडकी आली, टाळ्या पडल्या. आत जाऊन बघितलं कुणीच नाही. बघत बसले असते तर भजी गार झाली असती.

मग साहेबांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या हातात दोन कागद होते. एक, काम यशस्वी झाल्याचा दाखला. दुसरा माझा, पानाच्या डब्याचा गोल डाग पडलेला.

"यावर तू सही कर, त्यावर मी करसू," ते म्हणाले. "आनि त्या जुन्या डिस्क पुसी टाक. चेअरमनले भंगार नको शे."

दाखल्यावर माझी सही कशाला हवी होती ते न कळायला मी काही कालची नाही. उद्या काही बिघडलं तर मान माझी. तरी खोटं कशाला बोलू, हात शिवशिवला. नवापूरहून आई प्रत्येक फोनला विचारते, झालीस का गं कायम. एक सही केली की तिला हो म्हणता आलं असतं.

"साहेब, हे काम झालेलंच नाही," मी म्हटलं. "मी सही करणार नाही."

"मंग ऱ्हाय हंगामी, त्या योहाननागत," ते म्हणाले, आणि दाखल्यावर स्वतःच सही ठोकली.

दादांचं नाव त्यांनी असं थुंकल्यासारखं घेतलं आणि माझं डोकं सणकलं. जुन्या डिस्क मी पुसल्या नाहीत. काढल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. चोरीचा आळ आला असता तर आला असता.

सोमवारी पहिली पाळी आली. चक्कीवरचा कामगार भिला, त्याने हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवला. यंत्र म्हणालं, नोंद नाही. त्याच्या मागच्या बाईलाही तेच. त्या खंडेनवमीनंतर कामाला लागलेलं एकही माणूस यंत्राला ठाऊक नव्हतं. मीही नव्हते. उलट जे सोडून गेले, वारले, ते सगळे कामावर होते, आणि हंगामींच्या यादीत योहानदादा सगळ्यात वर.

"ताई, मी शे का नही?" भिलाने विचारलं.

तेवढ्यात साहेब दणदणत आले. "सरका. तुमना अंगठा मळेल शे, यंत्र काय करी?" असं म्हणून त्यांनी स्वतःचा अंगठा टेकवला. पडद्यावर आलं, हेमकांत, सहायक भांडारपाल. रांगेत कुणी हसलं नाही. भिलाने फक्त ते मोठ्याने वाचून दाखवलं.

जगदीश सरांचा फोन लागेना. चक्की बंद, रांग फाटकाबाहेर, आणि चेअरमन विचारत होते की दाखल्यावर सही कुणाची आहे. साहेब माझ्या खोलीत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आले.

"माय, त्या डिस्क पुसी टाक्यात का तू?"

"नाही."

"देव शे तू, देव."

"देव नाही साहेब, हंगामी आहे."

एवढं मात्र त्यांना लगेच कळलं. पळत गेले, माझा कागद घेऊन आले, पेनचं टोपण काढलं. सही करणार तोच मी कागदावर हात ठेवला.

"थांबा. कायम करायचा आदेश यंत्रातून निघतो. त्यात आज मी नाही, आणि तुम्ही भांडारपाल. भांडारपालाच्या सहीने कुणी कायम होत नाही."

"मंग आते काय करानं?"

"काय करणार. आधी तुम्हाला व्यवस्थापक करते."

आणि केलं. जुन्या डिस्क परत बसवल्या, कणगी नि पोतं एक केलं, ज्या दुपारसाठी मी इतकी डोकेफोड केली ती दुपार अशी मिळाली. साहेब दाराशी स्टुलावर बसून होते. मग अख्खं मशीन नव्या घरमालकाकडे नेलं. भिलाचा अंगठा घेतला, यंत्राने ओळखला. मीही यादीत परत आले. एकच नोंद, साहेबांच्या बढतीची, मागे ठेवावी असं फार वाटलं, अगदी जिवावर आलं. पण पोतं नेलं की त्यातले खडेही येतात.

साहेबांनी सही केली. मी कायम झाले, म्हणजे आता याच माणसाच्या हाताखाली कायम, आणि त्याला त्या खुर्चीत पुन्हा बसवला मीच. आईला फोन लावायला बाहेर आले, तर ते व्हरांड्यात भिलावर ओरडत होते.

"पंखा फिरी ऱ्हायना ना? मंग जा कामले."