उत्तरदाती क्रमांक सात

"झालं का गं माझं?" आईने खिडकीजवळच्या खुर्चीतून विचारलं. सकाळपासून तिचा हाच धोशा चालला होता.

"तुझं नाही, माझं," स्क्रीनवरची नजर न काढता मास्तरीण म्हणाली. "आणि नाही झालं अजून."

"तुझं काय नि माझं काय! बोलले तर मीच ना?"

मास्तरीण पुन्हा संदर्भसूचीत शिरली. या नियतकालिकाला लेखकाच्या नावानंतर लगेच साल हवं होतं, तेही कंसात. आधीच्याला साल शेवटी हवं होतं, स्वल्पविरामानंतर. त्याच्याही आधीच्याला कसं हवं होतं ते आता तिला आठवतही नव्हतं. एकाच लेखाला तिसऱ्यांदा नवे कपडे घालताना तिच्या नाकी नऊ आले होते. पहिल्या नियतकालिकाने 'आमच्या विषयकक्षेत बसत नाही' म्हणून आठवड्यात परत पाठवला. दुसऱ्याने वर्षभर ठेवून घेतला आणि विचारणा केल्यावर 'कोणता लेख?' असं उलट विचारलं. या तिसऱ्याने निदान वाचला तरी होता.

मास्तरीण हे तिचं इमारतीतलं नाव. कॉलेजात ती नुसती 'मॅडम', तीही कंत्राटावरची. इतकी वर्षं समाजशास्त्र शिकवूनही दरवर्षी उन्हाळ्यात ती दिवस मोजायची, की यंदा कंत्राटाचं पत्र येतं की नाही. यंदा तर नियमच निघाला. मान्यताप्राप्त नियतकालिकात लेख नसेल तर कंत्राट नाही. विभागाचे हेडसर सांगून मोकळे झाले होते, "लेख स्वीकारल्याचं पत्र आणा, मॅडम, मग बघू. नाहीतर माझेही हात बांधलेले आहेत." हेडसरांचे हात बारा महिने बांधलेलेच असत. चहाचा कप आला की तेवढे सुटत.

लेख होता मोठ्या लॉन्ड्रीत काम करणाऱ्या बायकांवर. हॉस्पिटलांच्या, हॉटेलांच्या चादरी धुऊन, वाफेच्या इस्त्रीखाली घालून, घड्या करून परत पाठवणाऱ्या बायका. कामाची पाळी सुरू झाली की सुटेपर्यंत उभ्या. बारा जणींच्या मुलाखती तिने घेतल्या होत्या. रीतीप्रमाणे नावं काढून क्रमांक दिले होते, आणि त्यातली सातवी तिची आई होती.

आईला आपला क्रमांक पाठ होता. बरोबरीच्या बायका भेटायला आल्या की ती ऐटीत सांगायची, "मी सात नंबर. माझं स्टुलाचं छापून येणार आहे."

स्टुलाची ती गोष्ट मास्तरणीने लहानपणापासून ऐकली होती, पण टेप लावून ऐकली तेव्हा तिच्या काळजात चर्र झालं होतं. आईला तेव्हा आठवा महिना होता. पाय सुजून चपलेत मावेनात, म्हणून तिने मुकादमाकडे एक स्टूल मागितलं. तो म्हणाला, "आज तू मागशील, उद्या सगळ्या मागतील." मग बायकांनी मळक्या चादरींची गाठोडी एकावर एक रचली आणि मुकादमाची पाठ फिरली की त्या आईला त्यावर बसवायच्या. तो वळला की एकजण खोकायची. आई उठायची. दिवसभर तेच, बस आणि ऊठ. "त्यापरीस उभं राहिलेलं बरं होतं," आई हसत म्हणाली होती. "पण त्या एवढ्या मायेने रचायच्या, बसायला नको का?"

लेखाचं नावच तिने 'बसायला स्टूल नव्हतं' असं ठेवलं होतं. आई निवृत्त झाली तेव्हा लॉन्ड्रीने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. दुसऱ्याच दिवशी आई बाजारात गेली आणि स्वतःच्या हाताने एक लाकडी स्टूल उचलून घेऊन आली. आता त्याच्यावर ती सुजलेले पाय ठेवायची. घड्याळ कधीच बंद पडलं होतं.

आज संध्याकाळी पाचपर्यंत सुधारित लेख जायला हवा होता. पहिल्या परीक्षकाने तिच्या सैद्धांतिक मांडणीचं कौतुक केलं होतं. घोडं अडलं होतं ते दुसऱ्यापाशी. त्याने लिहिलं होतं, 'उत्तरदाती क्रमांक सात हिला इतरांच्या मानाने अवास्तव जागा दिली आहे. संशोधिकेचे तिच्याशी नाते असल्यास ते स्पष्ट करून समर्थन द्यावे, अन्यथा हा भाग वगळावा.' वर संपादकांची पुस्ती होती की लेख शब्दमर्यादेच्या बराच बाहेर गेला आहे.

बरं, नातं स्पष्ट करायला एक ओळ पुरली असती. ही माझी आई. पण त्या ओळीला केवढं शेपूट होतं! परवानगीचं नवं पत्र, त्यावर हेडसरांची सही, आणि हेडसर रजेवर. मुदत वाढवून मागावी, तर कंत्राटाच्या यादीत आपल्यामागे किती जण उभे आहेत ते तिला माहीत होतं.

आणखी एक गोष्ट होती. कॉलेजात लागली त्या वर्षी स्टाफरूममध्ये कोणीतरी सहज विचारलं होतं, आई काय करते? "सुपरवायझर आहे," तिच्या तोंडून निघून गेलं. निघालं ते निघालं. पुढे कोणी विचारलं नाही आणि तिनेही कधी दुरुस्त केलं नाही. तेव्हा तिथे हजर असलेले हेडसरच आता त्या पत्रावर सही करणार होते.

तिने डोळे चोळले. ती दमली होती. इतकी की बरोबर काय आणि चूक काय हा प्रश्नही तिला आणखी एका परीक्षकासारखा वाटायला लागला. तिने स्टुलाच्या गोष्टीच्या सुरुवातीला कर्सर ठेवला, शेवटापर्यंत ओढत नेला आणि बटण दाबलं. शब्दसंख्या एका झटक्यात मर्यादेत आली.

मग उरलं ते सफाईचं काम. शीर्षक आता आधाराशिवाय लोंबकळत होतं, तेही बदललं. 'धुलाई उद्योगातील स्त्री-श्रम : एक अभ्यास'. कसं परीटघडीचं! बाराच्या जागी अकरा केलं, आठवीला सात, नववीला आठ, असं करत खालपर्यंत क्रमांक सरकवले. 'एकदा सादर केल्यावर बदल करता येणार नाही' अशी सूचना आली. मास्तरणीने 'सादर करा' दाबलं. पाचला थोडाच वेळ उरला होता.

"गेलं बाई एकदाचं," ती स्वतःशीच म्हणाली, पण आईचे कान तिखट.

"गेलं? मग वाच की मला."

"आत्ता? आई, फार रुक्ष आहे गं. तुला कंटाळा येईल."

"तू पोरांना शिकवतेस तेव्हा त्यांना येतो, म्हणून सोडतेस का? वाच."

सुटका नव्हती. मास्तरणीने सादर केलेल्या लेखाची प्रिंट काढून हातात घेतली आणि ती उजेडाला खिडकीशी उभी राहिली. तिला बसून वाचताच येत नसे, वर्गाची सवय. मनात म्हटलं, आईला काय कळणार आहे, अर्ध्या वाटेत डोळा लागेल तिचा.

डोळा कसला लागतोय! सैद्धांतिक मांडणी आईने डोळे मिटून सोसली, पण मुलाखती सुरू झाल्या तशी ती खुलली. "तीन नंबर म्हणजे आपली गाणेवाली! ही तर म्हणणारच असं." पाचवी कोण ते तिने पहिल्या वाक्याला ओळखलं. सहावीचं ऐकून तिने डोळ्यांना पदर लावला. "मेली गेल्या वर्षी. तिला ऐकवायला हवं होतं गं."

मास्तरीण त्याच सुरात पुढे वाचत गेली. "उत्तरदाती क्रमांक सात म्हणते..."

आई ताठ झाली. तिने पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला, जणू कोणी तिचा फोटोच काढणार होतं.

तेव्हा कुठे मास्तरणीच्या लक्षात आलं. पण तोवर पुढची ओळ तोंडातून गेली होती. "'...कामावर असताना माझा मोठा मुलगा शेजारणीकडे असायचा.'"

आईच्या कपाळावर आठी पडली. "हे तर आपल्या बुटकीचं."

मास्तरणीने ओळीवर बोट ठेवलं.

"मला कुठे मोठा मुलगा? सात नंबर मी होते ना गं?"

"क्रमांक बदलले, आई. थोडे खालीवर झाले."

"असं होय," आई म्हणाली. "मग मी कितवी?"

खोटं बोलता आलं असतं. गोष्ट तोंडपाठ होती, कागदाकडे बघत म्हणून दाखवता आली असती. पण तिने नुसतं कागद चाळल्यासारखं केलं. अकरावीपर्यंत गेली, परत पहिल्यावर आली.

आईने तिच्याकडे पाहिलं. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जागा पुरली नसेल. बारा जणी म्हणजे गर्दीच होते."

"आई, अगं, ते परीक्षक..."

"राहू दे. बुटकीचं ठेवलंस ते बरं केलंस. तिचं दुःख मोठं होतं." तिने सारखा केलेला पदर सैल सोडला. "तुझं काम होईल ना पण?"

"होईल बहुतेक."

"मग झालं तर."

मास्तरीण कागद हातात धरून तशीच उभी होती. आईने खुर्चीच्या हातांना धरून एक पाय खाली घेतला, मग दुसरा. सुजलेल्या पावलाने तिने स्टूल हळूहळू फरशीवरून पुढे सरकवलं, अगदी लेकीच्या पायांशी येईपर्यंत.

"बस की गं," ती म्हणाली. "कधीची उभी आहेस."